चादर गुरुवारी, अभ्रे सोमवारी

१

दोनशे चौदा नंबरचं पाकीट डब्यात नव्हतं.

आमच्या लॉन्ड्रीत हरवतं काहीतरी अधूनमधून. एखादा मोजा, शर्टाचं बटण, एकदा तर अख्खा कोट. कोट मी शोधून काढला. दुसऱ्याच्या कोटाखाली त्याच हँगरला होता, तीन दिवस. तेव्हापासून मला सगळे ‘भिंग’ म्हणतात. चष्मा जाड आहे म्हणूनही म्हणत असतील. पण खिशातलं पाकीट? ते कधीच हरवलं नव्हतं.

आमच्याकडे असं आहे. कपडे आले की आधी खिसे तपासायचे. जे सापडेल ते एका छोट्या पाकिटात घालायचं, वर गिऱ्हाइकाचा नंबर टाकायचा आणि काउंटरमागच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचं. नंबरची पावती दाखवल्याशिवाय पाकीट कोणाला द्यायचं नाही. आणि खिशातलं वाचायचं नाही. या दोन गोष्टींवर आमच्या काकू, म्हणजे मालकीण, फार कडक आहेत. आधीच्या काउंटरवालीने एकदा ओळखीवर पाकीट दिलं, दुसऱ्या दिवशी ती घरी.

कामाला आम्ही तिघं. खिसे तपासणं आणि धुणं मामाकडे, काउंटर ताईकडे, इस्त्री माझ्याकडे.

तर दोनशे चौदा म्हणजे गणिताचे सर. मोठ्या शाळेत शिकवतात. पन्नाशीला आलेत, एकटे, पॅन्टची घडी सुरीसारखी लागते त्यांना. गुरुवारी दुपारच्या सुट्टीत ते काउंटरला न थांबता सरळ माझ्या टेबलाजवळ आले.

“तू हरवलेलं शोधतोस म्हणे.”

“शर्ट शोधतो, सर.”

“तुझ्याबद्दल ऐकलंय मी.”

“काय ऐकलंय? शर्टांचं, की दुसरं?”

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, “दोन्ही.”

दुसरं म्हणजे, मला पुरुष आवडतात. हे मी लपवत नाही. दोन वर्षांपूर्वी लपवायचं थांबवलं. घरी मोठा भाऊ तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, भिंतीशी बोलतो. “कोणीतरी मोटर बंद करा.” मग कोणीतरी, म्हणजे मी, उठून मोटर बंद करतो. सवय झाली. मोटर काय, बंद करायचीच असते.

सरांनी खिशातून चारदा घडी घातलेला कागद काढला. छापलेला. बुधवारी सकाळी त्यांच्या दाराखालून कोणीतरी सरकवला होता. त्यात हे होतं:

‘तुमचं पत्र माझ्याकडे आहे. तुम्ही कसे राहता ते मला माहीत आहे. मुलांच्या परीक्षा शुक्रवारी संपतात. शनिवारी दुपारपर्यंत शाळेचा राजीनामा द्या आणि हे शहर सोडा. गणिताच्या शिक्षकाला कुठेही नोकरी मिळते. नाही ऐकलंत तर पत्र मुख्याध्यापिकेच्या टेबलावर जाईल.’

“कुठलं पत्र?” मी विचारलं.

“सोमवारी दिलेल्या पॅन्टच्या खिशात राहिलं. मंगळवारी शाळा सुटल्यावर घ्यायला आलो, तर तुमच्या ताई म्हणाल्या, असं काही आलंच नाही.”

“काय होतं त्यात?”

“खासगी होतं.”

“किती पानं?”

“पानं...” ते अडखळले. “एक असेल.”

असेल. स्वतःच्या पत्राला ‘असेल’? मी इस्त्री उभी करून ठेवली.

“पत्र इथे आलंय हे अजून कोणाला माहीत होतं?”

“कोणालाच नाही.”

हे मात्र झटकन आलं. तयार ठेवल्यासारखं. मी अशी उत्तरं वर्षानुवर्षं दिलीयेत, मला त्यांचा वास येतो.

“सर, आज गुरुवार. शनिवारला वेळ आहे अजून.”

“वेळ नाही रे,” ते म्हणाले. “राजीनामा लिहून झालाय.” आणि त्यांनी बॅगेवर हात ठेवला.

२

खरं सांगतो, मला चोर म्हणून मामाच हवा होता.

मामा वाईट बोलतो. म्हणजे मशीन सुरू असताना सुद्धा ऐकू येईल इतकं वाईट. मी जेवणाचा डबा उघडला की “आज काय, बायकोने दिलाय की नवऱ्याने?” टीव्हीवर कोणी जरा नाजूक बोललं की “हे तसलंच.” मी उत्तर देतो, तो अजून एक देतो, आणि मशीन थांबलं की दोघं कामाला लागतो. दोन वर्षं असंच चाललंय. त्यामुळे सरांची ती चिठ्ठी वाचल्यावर माझ्या मनात पहिलं नाव कोणाचं आलं असेल?

आणि काकूंच्याही आलं होतं. सर गेल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. चिठ्ठीचं त्यांना माहीत नव्हतं, पाकीट गेलं एवढंच माहीत होतं.

“डब्यातून पाकीट जातं म्हणजे काय? खिसे मामा तपासतो. शनिवारपर्यंत सापडलं नाही तर मामाने रविवारपासून यायचं नाही. सांगून ठेव त्याला.”

“मीच सांगू?”

“तुझं आणि त्याचं सूत फार जमतं ना,” काकू म्हणाल्या. काकूंचा विनोद असा असतो, हसायचं की नाही कळत नाही.

मामा मागच्या अंगणात चादरी पिळत होता.

“दोनशे चौदाचं पाकीट कुठंय, मामा?”

“डब्यात.”

“नाहीये.”

“मग डब्याला विचार.” चादरीला एक झटका. “सोमवारी मी घातलं. पांढरा लिफाफा, जाडजूड. तुझ्या बोटाएवढा जाड. डिंकाने चिकटवलेला.”

“उघडलेला होता?”

“कान गेलेत का? चिकटवलेला म्हणालो मी.”

“आणि तू उघडून बघितलास.”

मामाने चादर खाली ठेवली. मला वाटलं आता हाणतो.

“अठ्ठावीस वर्षं खिसे तपासतोय मी,” तो म्हणाला. “काय काय निघालंय तुला माहितीये? बायकोच्या माणसाचे फोटो नवऱ्याच्या खिशात. डॉक्टरचे रिपोर्ट. एकदा मरायला निघालेल्या माणसाची चिठ्ठी निघाली, तीसुद्धा मी वाचली नाही, तशीच पळत नेऊन त्याच्या आईच्या हातात दिली. लिफाफ्यावर ‘आईला’ लिहिलं होतं म्हणून. आणि तू मला विचारतोस?”

मी खाली ठेवलेली चादर उचलून दोरीवर टाकली.

“मंगळवारी सकाळी मी डब्यात पाकीट बघितलंय,” मामा म्हणाला. “ह्या डोळ्यांनी. दुपारी मी, तू आणि काकू आत जेवत होतो. काउंटरला कोण होतं ते तूच आठव, भिंगा.”

ताई होती. एकटी.

३

ताई खोटं बोलत होती हे मला तिने तोंड उघडायच्या आधी कळलं. ती पावत्यांचा गठ्ठा सारखा करत होती आणि तो आधीच सारखा होता.

“मंगळवारी दुपारी कोण आलं होतं?”

“रोजचेच.”

“पाकीट कोणाला दिलंस?”

“मी? पावतीशिवाय? वेडा आहेस का?” ताई हसली. “मला दोन मुलं आहेत रे, नोकरी घालवू का?”

“सरांना तू सांगितलंस, असं पाकीट आलंच नाही. मामा म्हणतो तू त्या सकाळी डबा पुसताना ते हातात घेतलं होतंस.”

मामा असं काही म्हणाला नव्हता. ही थाप होती माझी. पण ताईचे कान लाल झाले.

“जे ज्याचं असतं ते त्याच्याकडे जातं,” ती म्हणाली. “आता जा, इस्त्री जळेल.”

इस्त्री उभी होती. जळायचा प्रश्नच नव्हता.

मी परत टेबलाशी आलो आणि विचार करायला लागलो. ताई चोर नाही. तिला एका लहान मुलाच्या खिशातून निघालेली गोटी परत द्यायला दोन गल्ल्या चालत जाताना मी पाहिलंय. ती नियम मोडेल तर एकाच कारणाने. समोरच्याने पटवून दिलं असेल की वस्तू त्याची आहे. नंबर सरांचा आणि वस्तू दुसऱ्याची, असं पटवून देणार कसं?

तेवढ्यात दारातून तीनशे एकतीस आत आला आणि माझा हात इस्त्रीवरच थांबला.

४

तीनशे एकतीस म्हणजे केमिस्ट. सरांच्या बिल्डिंगमध्ये खाली औषधांचं दुकान आहे त्याचं, मागच्या खोलीत राहतो. सर वर दुसऱ्या मजल्यावर. केमिस्ट चाळिशीचा, बोलका, ताईला दर वेळी फुकटात सर्दीचा सल्ला देऊन जातो. आज बोलला नाही. गाठोडं ठेवलं, पावती घेतली, हळू चालत गेला. आणि ताईने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो येताच पावत्यांचा गठ्ठा तिने पुन्हा एकदा सारखा केला.

आता एक गोष्ट सांगतो जी मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

सर कपडे टाकतात सोमवारी. केमिस्ट गुरुवारी. सहा वर्षांत दोघं एका दिवशी आलेले नाहीत. लॉन्ड्री चार दिवस बंद राहिली आणि पाचव्या दिवशी अख्खी गल्ली गाठोडी घेऊन रांगेत उभी होती, तेव्हाही फक्त सर आले. केमिस्ट सहाव्या दिवशी. एका बिल्डिंगमधली दोन माणसं योगायोगाने कधीतरी धडकणारच ना? इतकं अचूक चुकवायला ठरवावं लागतं.

आणि चादरी. केमिस्टच्या गाठोड्यात गुरुवारी डबल बेडची चादर येते, निळी, पांढऱ्या रेघांची. सरांच्या गाठोड्यात सोमवारी उशांचे दोन अभ्रे येतात. निळे, पांढऱ्या रेघांचे. पुढच्या आठवड्यात चादर हिरवी, अभ्रे हिरवे. त्यांनी एक सेट फोडून दोन नंबरांवर टाकला होता, कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. आणि येतही नव्हतं, कारण धुताना मामा रंग बघून मशीनमध्ये टाकतो, नंबर बघत नाही. घडी घालताना नंबर फक्त मी बघतो. हे लक्षात आल्यापासून दोन वर्षं मी चादर गुरुवारी आणि अभ्रे सोमवारी इस्त्री करत होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, शाब्बास. थोडा जळतही होतो. माझ्या चादरीला जोडीचे अभ्रे नाहीत.

म्हणजे पत्र कोणाचं हा प्रश्न नव्हता. केमिस्टचं पत्र, सरांच्या खिशात. पण ते चोरून कोणी नेलं?

मी तीनशे एकतीसचं गाठोडं उघडलं. डबल चादर नव्हती. सिंगल होती. पट्ट्याची पॅन्ट एकही नाही, तीन नाडीच्या, सैल. त्यातल्या एकीच्या कमरेला आतून पिवळट तपकिरी डाग. चहाचा नाही, गंजाचा नाही. आयोडीनचा. कमरेपाशी आयोडीन लावतात ते पोटाच्या ऑपरेशननंतर, मला हे डाग काढायची सवय आहे. मागच्या गुरुवारी तर तीनशे एकतीस आलाच नव्हता. सहा वर्षांत पहिल्यांदा.

मग मी सोमवारचे सरांचे अभ्रे शेल्फवरून काढून पाहिले. एकच होता. दुसरी उशी आठवडाभर कोणी वापरलीच नव्हती.

मी स्टुलावर बसलो आणि सरांची चिठ्ठी आठवायला लागलो. मला निनावी चिठ्ठ्यांचा अनुभव दांडगा आहे. तीन आल्यात. एक शाळेत दप्तरात, एक घराच्या दाराखालून, एक स्कूटरच्या सीटवर. तिन्ही वेगळ्या माणसांच्या, तरी जुळ्या बहिणींसारख्या. पहिल्या ओळीत शिवी. दुसऱ्या ओळीत आई. तिसरीत लाज, संस्कार, आमची पोरं बिघडतील. जो तिरस्कार करतो त्याला शिवी द्यायचीच असते. चिठ्ठी लिहिण्यातली सगळी मजा तिथेच तर असते.

सरांच्या चिठ्ठीत एक शिवी नव्हती.

‘तुम्ही कसे राहता.’ बस्. इतकं सभ्य? आणि ‘परीक्षा शुक्रवारी संपतात’. सर परीक्षेच्या मध्ये मुलांना सोडून जाणार नाहीत हे ज्याला माहीत आहे तो धमकी देताना थांबला परीक्षा संपेपर्यंत. आणि ‘गणिताच्या शिक्षकाला कुठेही नोकरी मिळते’. धमकी देणारा नोकरीची काळजी करतो? मामाने अशी चिठ्ठी लिहिली असती तर पहिला शब्द वाचूनच कागद फेकावा लागला असता. ही चिठ्ठी लिहिणाऱ्याने नाटक सगळं नीट केलं होतं, फक्त तो एक शब्द त्याच्या हातून लिहिला गेला नाही. कारण तो शब्द त्याला स्वतःलाही लागू होता. आयुष्यभर ऐकलेला. आणि ज्याला लिहायचा होता त्याच्यावर त्याचा जीव होता.

मी उठलो, काउंटरला गेलो.

“ताई, केमिस्ट मंगळवारी दुपारी आला होता. कपडे न घेता.”

तिच्या हातातला गठ्ठा टेबलावर पसरला.

“काकूंना सांगू नकोस,” ती हळूच म्हणाली. “तो म्हणाला डॉक्टरला लिहिलेलं पत्र चुकून सरांना दिलं गेलं. त्याने माझ्यासमोर कागदावर लिहून दाखवलं. लिफाफ्यावरचं अक्षर त्याचंच होतं रे. ज्याचं त्याला दिलं. मग सर आले आणि मी घाबरले.”

“काकूंना काय सांगायचं ते मी बघतो.”

बघायला मी गेलोच. काकूंना म्हणालो, पाकिटातलं ज्याने लिहिलं त्याच्याकडे पोचलंय, मामाने काही केलेलं नाही, आणि याहून जास्त विचारलंत तर खिशातलं वाचल्यासारखं होईल. काकूंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“ताईला सांग,” शेवटी म्हणाल्या, “पुढच्या वेळी पावती.”

काकूंना सगळं आधीच कळतं की काय कोण जाणे.

५

शुक्रवारी दुपारी मी केमिस्टच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. तो काउंटरमागे खुर्चीवर बसला होता, पोटावर हात.

“काय हवंय?”

“डोकेदुखीची गोळी. माझ्यासाठी नाही, सरांसाठी. उद्या राजीनामा देतायत.”

त्याचा चेहरा पांढरा पडला. हात मात्र गोळ्यांच्या खणाकडे गेला.

“चिठ्ठी चांगली लिहिलीत,” मी म्हणालो. “फक्त शिवी विसरलात.”

“कुठली चिठ्ठी?”

“दादा, माझ्याशी नको. तुमची चादर मीच इस्त्री करतो.”

तो हसायला गेला आणि पोट धरून थांबला. टाके होते ना. मग त्याने समोरची खोकल्याची बाटली सरळ केली.

“तू काय करणार? सगळ्यांना सांगणार?”

“फक्त सरांना. ते तुम्ही सांगितलंत तर मीही नाही.”

“तुला काय कळणार,” तो म्हणाला. “तू मोकळा आहेस.”

“माझा भाऊ भिंतीशी बोलतो. सांगा तुम्ही, कळेल मला.”

मग त्याने सांगितलं. अधूनमधून थांबत, दाराकडे बघत.

मागच्या गुरुवारी पहाटे पोटात दुखायला लागलं. अपेंडिक्स. वर सरांना फोन केला. सर खाली आले, रिक्षात बसवलं, पण स्वतः बसले नाहीत. म्हणाले, दवाखान्यात शाळेतल्या एका मुलाची आई नर्स आहे. तिथे फॉर्म दिला. नातेवाईक म्हणून सही कोणाची? “मी लिहिलं, कोणी नाही,” केमिस्ट म्हणाला. “माझ्याच अक्षरात. कोणी नाही. सहा वर्षं एका ताटात जेवतो आम्ही.” तीन दिवस तो तिथे होता. सर आले नाहीत. रोज दोन फोन, काळजी घे, काळजी घे. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या सुनेने त्याला पाणी पाजलं.

“तिथे पडून मी पत्र लिहिलं. आठ पानं. शनिवारी घरी आल्यावर त्याच्या दाराखालून सरकवलं. सोमवारी तो म्हणतो, अरे, तुझं पत्र पॅन्टसोबत धुवायला गेलं. मी विचारलं, वाचलंस? म्हणाला, वाचणार होतो. मंगळवारी जाऊन घेतलं मी ते. उघडलेलंसुद्धा नव्हतं रे.”

“मग तुम्ही धमकी लिहिलीत.”

“माझं तो ऐकत नाही,” केमिस्ट म्हणाला. “त्यांचं ऐकतो. शेजारी काय म्हणतील, नर्स काय म्हणेल, शाळा काय म्हणेल. ज्यांनी अजून काही म्हटलेलंच नाही, त्यांचंसुद्धा ऐकतो. म्हटलं, एकदा त्यांच्या आवाजात बोलून बघू. दुसऱ्या शहरात जाऊ, मोठ्या, जिथे कोणी ओळखत नाही. तिथे तरी तो माझ्यासोबत रिक्षात बसेल.”

“नाही बसणार,” मी म्हणालो. “घाबरवून नेलंत तर घाबरलेलाच माणूस तुमच्यासोबत येईल. तिथेही नर्स असतीलच.”

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“किती वय आहे तुझं?”

“सव्वीस.”

“आगाऊ आहेस.”

“सगळे म्हणतात.”

दारात सावली पडली. सर होते. परीक्षा संपवून, बॅग खांद्याला. मी त्यांना दोन वाजता इथे यायला सांगितलं होतं. ते कधीपासून तिथे उभे होते मला माहीत नाही, पण चेहऱ्यावरून वाटलं, बऱ्यापैकी ऐकलं असावं.

६

मी जायला निघालो तर सर म्हणाले, “थांब.” मला वाटतं त्यांना एकटं राहायची भीती वाटत होती. मी कापसाच्या गठ्ठ्यांशेजारी उभा राहिलो.

“तू लिहिलंस ते,” सर म्हणाले.

“मी लिहिलं.”

“दोन रात्री झोपलो नाही मी.”

“मीही दोन रात्री नव्हतो झोपलो. खाट कडक होती.”

सरांनी बॅग खाली ठेवली. मग म्हणाले, “पत्र का नाही वाचलं, विचारणार नाहीस?”

“वेळ नसेल मिळाला. पेपर असतील.”

“मला वाटलं, सोडून चाललोय असं लिहिलं असशील. तुला त्या रिक्षात एकटं पाठवल्यावर तू तेच लिहिलं असतंस तर बरोबरच होतं. दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. शाळेत, बाजारात. उघडायची हिंमत झाली नाही. पॅन्टही मुद्दाम...” ते थांबले. “मुद्दाम नाही. पण खिसा तपासला नाही मी. एरवी तपासतो.”

केमिस्टने खणातून लिफाफा काढला आणि काउंटरवर ठेवला. अजून चिकटवलेलाच होता.

सरांनी उघडला. उभ्या उभ्या आठही पानं वाचली. पेपर तपासतात तसे, एक बोट ओळीवर धरून. चौथ्या पानावर चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी बाहेर बघत होतो. खरं तर बघत नव्हतो.

“सोडून जाण्याचं कुठेच नाहीये,” शेवटी सर म्हणाले.

“नाहीच आहे.”

“सातव्या पानावर लिहिलंयस, भेटायला यायला जमत नसेल तर गिऱ्हाईक म्हणून ये, औषधाचं विचारायला आलो म्हण.”

“हं.”

“हे वाचलं असतं तर...” सरांनी पानं घडी घालून लिफाफ्यात ठेवली. मग त्यांनी विचारलं, “टाके कधी काढायचेत?”

“सोमवारी. अकराला.”

“सोमवारी अकराला मला शाळेत पेपर तपासायला बसायचंय. सगळ्या शिक्षकांना सक्तीचं आहे.”

“माहीत आहे मला. मी जाईन रिक्षाने.”

सरांनी बॅग उघडली. राजीनामा काढला. स्वच्छ अक्षर, खाली सही, तारीख उद्याची. त्यांनी तो उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर, औषधांच्या काउंटरवर वाकून, लिहायला सुरुवात केली. मी मान वाकडी करून वाचलं. खिशातलं वाचायचं नाही असा नियम आहे, काउंटरवरचं नाही.

‘मा. मुख्याध्यापिका, सोमवारी मला रजा हवी आहे. कारण: घरातल्या माणसाला टाके काढायला दवाखान्यात न्यायचे आहे.’

केमिस्टनेही वाचलं. “त्या विचारतील, सर, तुमच्या घरात कोण?”

“विचारतील.”

“नोकरी जाईल अशाने.”

“तूच तर लिहिलंयस, गणिताच्या शिक्षकाला कुठेही मिळते.” सरांनी पेनाला टोपण लावलं. “गेली तर बघू. स्वतःहून देणार नाही मी.”

“आणि राजीनाम्याच्या पाठीवर अर्ज देणार? दुसरा कागद घे रे.”

“देतोस का एखादा?”

केमिस्ट कागद काढायला उठायला लागला आणि पोट धरून परत बसला. सर काउंटरची फळी उचलून आत गेले. त्यांना ती कशी उचलायची ते बरोबर माहीत होतं, डावीकडून, जरा ढकलून.

तेवढ्यात एक माणूस दुकानात आला. सरांना पाहून एकदम हसला.

“सर! तुम्ही इथे? माझा मुलगा तुमच्याच वर्गात आहे, मागच्या बाकावर. आणि तुम्ही काउंटरच्या आत कसे?”

केमिस्टने माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे.

“यांचं ऑपरेशन झालंय,” सर म्हणाले. “उठायचं नाहीये अजून. म्हणून मी आहे.” आणि मग, जरा थांबून, “आम्ही एकत्रच राहतो. बोला, काय देऊ?”

तो माणूस गडबडला. एकदा सरांकडे, एकदा खुर्चीतल्या केमिस्टकडे. मग म्हणाला, “तापाचं औषध. मुलासाठी. पेपर संपले आणि ताप आला बघा.”

“मागच्या बाकावरच्याला?” सर म्हणाले. “पेपर चांगला गेला त्याला, सांगा.” आणि शेल्फांच्या रांगेकडे वळून त्यांनी विचारलं, “कुठल्या खणात रे?”

“तिसऱ्या,” केमिस्ट म्हणाला. “डावीकडून. खालचा.”